अंतरपटाची शिलाई

रविवार, २ मार्च

आजपण चर्चमधी प्रभुभोजनाचं, भाकर-द्राक्षरसाचं ताट माझ्यापुढून तसंच गेलं. रविकिरण मास्तरनं धरलं होतं. शेजारच्या बाईला दिलं, मला ओलांडून पुढच्या बाईला दिलं. नाताळापासून हेच चालू हाय.

गुन्हा काय माझा? इस्लापूरला माय वारली. तिच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली अन् भावासोबत बुद्धासमोर हात जोडले. लग्न करून किनवटला आले, बाप्तिस्मा घेतला, ते माझं. माय शेवटपर्यंत बौद्ध होती. तिची बोळवण तिच्या रीतीनं नको? भाऊ संघपालनं फोटो मोबाईलवर टाकले, मास्तरनं ते उचलून पाळक साहेबांना नेऊन दाखवले. "ताई दोन्हीकडं पाय ठेवून राहिल्या" — हे त्याचे शब्द. झालं. माझं भोजन बंद.

भर मंडळीत माझी इज्जत काढली त्यानं. मीपण भर मंडळीतच काढीन.

बुधवार, ५ मार्च

यंदाच्या सभेला चर्चच्या अंगणात निवासमंडपाचा देखावा करायचं ठरलं. मोशेच्या काळचा देवाचा तंबू, माणसं आत शिरतील एवढा मोठा. एकेका वस्तूचा अर्थ एकेकानं सांगायचा. होमवेदी म्हणजे क्रूस. पितळी गंगाळ म्हणजे आतून धुऊन निघणं. दीपवृक्ष म्हणजे प्रभूचा उजेड. धूप म्हणजे आपल्या प्रार्थना. मला यातलं सगळं तोंडपाठ हाय, पण मला बोलायला ठेवलं न्हाई. अंतरपट, सगळ्यात आतल्या पवित्र जागेपुढचा पडदा, शिवायला ठेवलं!

शेवटचा मान मास्तरचा. तो कराराच्या कोशावरच्या, देवाच्या आज्ञांच्या पेटीवरच्या, दयासनाचा अर्थ सांगणार, मग दोरी ओढून अंतरपट फाडणार. भोजनाचं ताट पडद्याच्या आत, दयासनापुढं मांडलेलं राहील. पडदा फाटला की सगळ्यांनी आत जाऊन भाकर घ्यायची. सगळ्यांनी — म्हणजे मी सोडून. शिवायचं मी अन् बाहेर उभं राहायचंपण मीच.

शनिवार, ८ मार्च

मास्तर कापड टाकून गेला. निळं, जांभळं, किरमिजी. म्हणे, "ताई, दोन पाट वेगळे शिवा अन् मधी नुसता धावदोरा मारा. कच्चा. दोरी ओढली की वरून खालपर्यंत फाटला पाहिजे. प्रभूनं क्रूसावर प्राण सोडला तवा देवानं वरून फाडला, माणसानं खालून न्हाई."

मला शिकवून राहिला! मी हाव म्हणलं. चहाचं विचारलं न्हाई. दारात घुटमळला, "ताई, एक बोलायचं होतं..." मी मशीन चालू केली. गेला.

मंगळवार, ११ मार्च

सुचलं. धावदोरा मारायचाच न्हाई. नायलॉनचा दोरा, दुहेरी शिलाई. पोत्याला मारतात तशी.

मास्तर छाती फुगवून दोरी ओढंल. पडदा जागचा हलणार न्हाई. पुन्हा ओढंल. उमरीची, नांदेडची मंडळी बसलेली, कोणीतरी खुदकन हसंल. घामाघूम होऊ दे त्याला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाराबाहेर राहणं कसं असतं, ते कळू दे. डोळ्यांसमोर सारखं तेच येऊन राहिलं, अन् लई बरं वाटून राहिलं.

शुक्रवार, १४ मार्च

समीक्षा शाळेतून आली, पडद्याला हात लावून बघितलं. "मम्मी, मधली शिलाई पक्की झाली ना? ती तर कच्ची पाहिजे."

"तू तुझा अभ्यास कर," म्हणलं. मग पोरीनं पडद्यावरच्या करूबांचे, म्हणजे देवदूतांचे, पंख भरायला सुई घेतली.

सोमवार, १७ मार्च

दुपारी हात थांबला. अंतरपट म्हणजे प्रभूचं शरीर — लहान पोरांना मीच शिकवलं हाय. ते फाटलं म्हणून आपल्याला आत जायला वाट झाली. अन् मी ते नायलॉननं शिवून राहिले.

उसवायला ब्लेड घेतलं. मग मास्तरच्या हातातलं ताट आठवलं, ओलांडून गेलेलं. ब्लेड ठेवून दिलं. प्रभूला माझं मन कळतं. मास्तरला कळत न्हाई, त्याला कळवावं लागंल.

शुक्रवार, २१ मार्च

पडदा टांगला. लई देखणा दिसून राहिला. सगळ्यांनी नाव काढलं.

मास्तर म्हणाला, "एकदा ओढून बघू का?"

"बघा की. पण फाटला तर मी पुन्हा शिवणार न्हाई."

दोरी सोडून दिली बिचाऱ्यानं. बिचारा कशाचा! पुन्हा "ताई, जरा बोलायचं होतं" म्हणाला. मला काम हाय म्हणून निघून आले. काय बोलायचं ते परवा बोल, सगळ्यांपुढं.

रविवार, २३ मार्च

दयासनाचा अर्थ सांगता सांगता मास्तर रडला. "पंचशीलाताईंची तक्रार मी केली होती. दयेवर बोलायचं अन् त्यांना बाहेर ठेवायचं, मला जमंना. पाळक साहेबांना मी विनंती केली. आजपासून ताईंचं भोजन सुरू."

मग दोरी आणून माझ्याच हातात दिली. सगळ्यात पहिलं मीच आत जायचं.

ओढली. आख्खी मंडळी उभी होती. पुन्हा ओढली.

"जोर लावा, ताई," मास्तर म्हणून राहिला, "जोर लावा."