कमळचा डोळा आणि टँकरची किल्ली

मंगळवार, १२ एप्रिल
कमळनं आज चहात मीठ घातलं! माझी धाकटी जाऊ. उभ्या पुंडलिकनगरात तिच्या हातचा चहा म्हणजे चहा. सगळे हसलो, तीही हसली. मग पक्कड घ्यायला गेली आणि हात थेट जाळावर नेला. हसू जिथल्या तिथं थिजलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यात सुरू. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. ही म्हणते, "दिसतंय की मला, अक्का." काय दिसतंय? धुरळा!

शुक्र. १५
वाचनालयातून डोळ्यांवरचं पुस्तक आणलं, दुपारी वाचून दाखवलं. पिकायची वाट बघायचे दिवस गेले, नुसत्या थेंबांनी भूल, संध्याकाळी घरी. वाचता वाचता मलाच चेव आला. कमळ म्हणाली, "पुस्तकाला कुठं डोळा कापून घ्यायचाय?" घ्या! पालथ्या घड्यावर पाणी. तेही या दुष्काळात.

सोम. १८
सचिननं, तिच्या पोरानं, घोळ घातला. "आई, वेरूळला दर्शनाला जाऊ" म्हणून गाडीत बसवलं आणि उतरवलं दवाखान्याच्या दारात. ती जागीच थबकली. "देवाच्या दारी फिनेलचा वास कसा रे?" हातातल्या बेलासकट माघारी. पोराशी अबोला. सचिनला झापलं: बुजलेल्या गाईला दावं ओढून पाण्यावर नेतात व्हय? चुचकारावं लागतं.

गुरु. २१
कळलं! कळलं एकदाचं!
आज डोळ्याचं नावच काढलं नाही. ड्रम भरताना सहज विचारलं, तपासणीला नर्सबाई काय म्हणाल्या होत्या गं? तर म्हणे, "गळ्यातलं काढून या म्हणाली."
असं आहे होय! भावजी, कमळचा नवरा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. बायपासला इमारती आधी उगवल्या, पाणी मागनं शोधतायत. भावजींच्या खेपांवर खेपा. गेल्या महिन्यात त्यांच्याच मालकाची एक गाडी वळणावर उलटली.
"ते गाडीवर, अन् मी हितं गळा मोकळा करून निजू? डोळा जाईना का, अक्का."
सुईची भीती नव्हतीच. दुखणं पोटाला आणि आम्ही लेप लावतोय पायाला.
म्हटलं, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधू. "ते तुटल्यावर. आपल्या हातानं काढल्यावर नाय."

शनि. २३
भावजींना सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "एवढंच व्हय, वहिनी? मग त्या दिवशी गाडी हलणारच नाय."
मालक लई कावला. पंचाईत अशी की तारीख मिळाली मंगळवारची, आणि त्याच दिवशी आमच्या गल्लीत भावजींच्या टँकरची पाळी. मीच दारोदार सांगत फिरले. वाटलं, शिव्या खाणार. समोरची भाभी म्हणाली, "एक दिन बर्तनां नइं मांजे तो क्या मरतें, खाला?" नाचावंसं वाटलं!
कमळची एकच अट. "किल्ली तुमच्यापाशी पाहिजे. ह्यांचा भरवसा नाय, कुणी 'पाणी' म्हटलं की निघतील."

मंगळ. २६, दवाखान्यातलं बाकडं
टँकर बाहेर लिंबाखाली. भावजी इस्त्रीच्या शर्टात, लग्नात नव्हते एवढे घामेजलेले. कमळनं किल्ली मागून घेतली, अंगठ्यानं तिचे दाते चाचपले, खरी तीच ना! मग माझ्या हातात दिली. मग गळ्यातलं काढलं, तेही दिलं. "मूठ उघडू नका, अक्का."
आत जाताना सचिनला म्हणाली, "तो बेल वाळला असंल. ताजा आण." बोलली! पोरगं पळालंच.
डाव्या मुठीत दोन्ही धरलंय, वही गुडघ्यावर, म्हणून अक्षर असं.
भावजींचा फोन वाजला. बायपासवाल्यांची टाकी कोरडी, घरात बाळंतीण आहे म्हणे. त्यांनी ठेवला. परत वाजला. ते माझ्या मुठीकडं बघतायत, मी दाराकडं.
दार अजून बंद. मूठही.