घर दक्षिणेला सरकतंय

३ मार्च
आज घर घरातच निघालं. सुटले बाई.

लेकीशी तसं ठरलंच आहे. डॉक्टर म्हणाले, ह्यांचं विसरणं वाढतच जाणार. लेक लगेच, "आई, तुझ्याच्यानं होणार नाही. बाबांना संस्थेत ठेवू." मी म्हटलं, जोवर हे गच्चीवरून सूर्य मोजून आपल्या घराचे अक्षांश बरोबर काढतात, तोवर माणूस इथून हलायचा नाही. जन्मभर जहाजं चालवलेला कप्तान. ते गणित गेलं की मग बघू.

भर दुपारी सेक्स्टंट, ते कोन मोजायचं यंत्र, डोळ्याला लावतात. आरशातला सूर्य हळूहळू खाली आणून समुद्राच्या रेषेवर टेकवतात आणि कोन सांगतात. मी लिहून घेते. मग कोष्टकांच्या पुस्तकातून त्या तारखेचा सूर्याचा आकडा, म्हणजे तो किती दक्षिणेला वा उत्तरेला आहे ते, घ्यायचा आणि बेरीज-वजाबाकी. पुस्तक फार जुनं, ह्यांच्या एका सफरीतलं. पण सूर्य दरसाल जवळपास त्याच वाटेनं जातो, घरच्यापुरतं भागतं.

५ मार्च
ह्यांच्या गणितात घर समुद्रात निघालं. काल थोडं, आज जास्त. हात थरथरला असेल.

६ मार्च
आणखी दक्षिणेला. सेक्स्टंटचा आरसा हलला असेल म्हणून तपासला — लग्नानंतर जहाजावर नेलं होतं तेव्हा ह्यांनीच शिकवलं होतं. आरसा ठीक आहे. मग मीच सूर्य घेतला. माझं घर बरोबर घरात. म्हणजे चूक ह्यांचीच. उगाच तपासलं असं झालं.

८ मार्च
आता इतकं खोल गेलंय की नांगर टाकला तर तळाला लागायचा नाही. हे मात्र खुशीत. "छान चाललोय," म्हणाले.

लेकीचा फोन. "आज कसं आलं?" बरोबर आलं, म्हटलं. धडधडीत खोटं. रविवारी येतेय म्हणे. तिच्यासमोर हे गणिताला बसले की संपलंच. तिला आकडे कळतात, बापाचीच लेक.

९ मार्च
हे दुपारचे पडले तेव्हा मी सगळे कागद घेऊन बसले. कोन रोज बरोबर. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर. फक्त सूर्याचा आकडा रोज तोच! तो बदलायला हवा, सूर्य रोज उत्तरेला सरकतोय. हे रोज तीन तारखेचाच आकडा घेतायत. सूर्य पुढे गेला, हे तिथेच थांबलेत.

पोटभर रडले. मग वाटलं, वेडी का खुळी मी. गणित शाबूत आहे की. पान तेवढं आपण उघडून द्यायचं. बायका नवऱ्यांचे चष्मे शोधून देतात, तसंच हे.

१० मार्च
दिलं उघडून. चष्मा लावला, पान बघितलं आणि सरळ मागे उलटलं.

"पुस्तकाला कोणी हात लावला? आज तीन तारीख."

अहो, दहा आहे, म्हटलं. असे काही बघितले माझ्याकडे, जणू मी कामचुकार खलाशी. "उद्या धक्क्याला लागतोय आपण. आत्ता तारीख चुकवून चालेल?"

इतकं स्वच्छ, खात्रीचं बोलणं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी कोन लिहून घेतला. घर आणखी खाली गेलं.

११ मार्च
पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं साल बघितलं. ती लांबची सफर. चार मार्चला परत आले होते हे, आणि मी सकाळपासून धक्क्यावर उभी. लेक कडेवर. ती ह्यांना बघून घाबरली होती, ओळखतच नव्हती. किती हसलो होतो तेव्हा.

मला वाटलं होतं, आठवण जाते म्हणजे सगळंच पुसलं जातं. हे तर मजेत आहेत. मीच नाहीये तिथे. मी धक्क्यावर आहे.

१२ मार्च
जेवताना म्हणाले, "तुम्ही पाहिलं नाही तिला. उद्या येईल बघा धक्क्यावर, पोरीला घेऊन. येईल ना?"

येईल, म्हटलं.

चार तारखेचं पान मी उलटून देईनही. पण मग तिथे तिशीतली बाई लागेल, कडेवर दोन वर्षांची पोर घेतलेली. कुठून आणू?

लेकीला फोन करून खरं सांगितलं. ह्यांना घेऊन जायला ये, म्हटलं.