खाटेच्या पायाची घंटा

मोहबोडी, ता. सिंदेवाही
९ जुलै २०२५

चि. बायनाबाई हिस,
लहानूभाऊचा जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा घुटना कसा आहे? तुझ्या मालकांचा, आपल्या भाटव्यांचा, खोकला बसला, का अजून आलापल्लीच्या साऱ्या कुत्र्यांले उठवते? तुझ्या पोराच्या, अश्वजितच्या, बोटाची पट्टी निघाली का? आजारी शेळीचंही कळव. मी बरा आहे, फक्त धोतर वाळत आहे. फोनवर तुझं अर्धं बोलणं जंगलच खाऊन टाकते, म्हणून कागद घेतला.

माझी नात नंदिनी पहिलीत बसली. तिच्या स्वमग्नतेचा दाखला तू पाह्यलाच आहे. बोलत नाई, पण गुणगुणते गोड, खडूचे तुकडे ओळीनं मांडते. मात्र शाळेचा टोला पडला की दोन्ही हात कानांवर आणि थेट बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या काठाशी. चार वेळा पळाली. चौथ्यांदा मी मागे धावलो, घसरलो आणि सरळ पाण्यात. पोरगी काठावर कोरडी ठणठणीत, मले पाहत उभी. मासे धरणारा सोमाजी म्हणे की भाऊ, उतराचंच होतं तर जाळं घेऊन उतराचं होतं.

पण मुख्याध्यापकांनी हात जोडले. पोर बुडाली तर मी कोणाले तोंड दाखवू म्हणाले. पुन्हा पळाली तर घरी ठेवा, नाई तर चंद्रपूरच्या वसतिगृहात टाका. त्यांचंही खोटं नाई. पण मायनं भात कालवल्याशिवाय जी घास घेत नाई, ती वसतिगृहात कशी राहील? सूनबाई सरितानं तेव्हापासून जेवण टाकलं आहे.

दर मंगळवारी विशेष शिक्षिका दिव्यानी मॅडम येतात. त्या म्हणतात की शाळेले अशी मुलगी नाकारता येत नाई, शाळेनंच थोडं सरकावं लागते. त्यांनी तिले चित्रांच्या चिठ्ठ्या करून दिल्या: वर्ग, खिचडी, घर. आणि काल त्यांनीच दाखवलं की पोरगी शाळेपासून पळत नाई, टोल्यापासून पळते. आमचा टोला म्हणजे नागभीडच्या जुन्या लाईनच्या रुळाचा तुकडा. हाणला की माझी कवळी हालते. आम्ही सारे पोरीमागे धावलो, रुळाकडे कोणी पाह्यलंच नाई! सरांनी महिन्याची मुदत दिली आहे. सोमवारी मी रूळ उतरवतो.

सरिताले धीराचे दोन शब्द लिही.
तुझा,
लहानूभाऊ


आलापल्ली
१८ जुलै २०२५

ती. लहानूभाऊस,
बायनाचा सप्रेम जय भीम. वि. वि. घुटना आहे तिथीच आहे. खोकल्याले आता कुत्रे भुंकत नाईत, ओळख झाली. अश्वजितचं बोट बरं, शेळी उभी राह्यली.

सत्तरीत बोडीत पोहणारा आपल्या घरात तूच पहिला. आणि नंदिनीचे कान कोणावर गेले, हा विचार केला का? तुझ्या लग्नात बँड दारात आला तेव्हा नवरदेव धानाच्या ढोलीत लपला होता. मामांनी ओढून काढला तर नव्या कोटाले सारा कोंडा. तेव्हा तुले कोणी वसतिगृहात पाठवलं नाई.

पण तू रूळ उतरवला असशील आणि पुढचं काही ठरवलं नसशील, हे मले इथी बसून दिसते. रोवणीचे दिवस आहेत. धानाच्या बांधीतल्या बाया त्याच टोल्यावर जेवाले बसतात. म्हणून तुझ्या भाटव्यांनी लाकडी घंटा केली, गुरांच्या गळ्यात असते तशीच, फक्त जाड. ठोक ठोक वाजते, कानात घुसत नाई, पण बांधीपर्यंत जाते. वनखात्याच्या माणसानं विचारलं तर सांग, साग चोरीचा नाई, आमच्या खाटेचा पाय आहे. खाट आता तीन पायांवर आणि विटांवर. भाटवे म्हणतात, नातीसाठी चार दिवस तिरपं निजलं तर काय बिघडते. अश्वजित घेऊन येत आहे.

सरिताले म्हण, आधी जेव, मग भांड.
तुझी लहान बहीण,
बायना


मोहबोडी
६ ऑगस्ट २०२५

चि. बायनाबाई हिस,
जय भीम व आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र येईपर्यंत तू लिहिलं ते सारं घडून गेलं होतं. रूळ उतरला त्या दिवशी बाया तीन वाजेपर्यंत उपाशी रोवत राह्यल्या. त्यांच्यातली कुंताबाई चिखलाच्या हातांनी माझ्या दारात आली. एका पोरीसाठी साऱ्या गावाचं पोट बंद केलं का म्हणे. सरिताच बोलली, की मावशी, पोर पाण्याकडे धावली तेव्हा बांधीतून पहिली हाक तुमचीच आली होती ना? कुंताबाईनं चिखलाचे हात लुगड्याले पुसले. मग म्हणाली की रूळ राहू द्या खाली, पण काही तरी वाजवा बापा.

पुढचे आठ दिवस जेवणाच्या वेळी मीच पाळीवर उभा राहून लाल दुपट्टा हलवला. एसटी दोनदा थांबली.

मग अश्वजित आला, घंटा टांगली. मंगळवारी मॅडमनी नंदिनीले आधी खिचडीची चिठ्ठी दाखवली, मग घंटा वाजवली. सरिता दारात उभी. पोरीचे हात कानांपर्यंत गेले आणि तिथीच थांबले.

तेवढ्यात बुधू गुराख्याची गुरं! पाळीखाली चरत होती. घंटा ऐकून त्यांले वाटलं, आपली पुढची म्हैस शाळेत गेली. सारा कळप फाटकातून आत. मुख्याध्यापक शहरातले. एका म्हशीनं शिंग हलवलं मात्र, सर दोन्ही हात डोक्यावर घेऊन थेट बोडीकडे. पाळीवर त्यांलेही थांबता आलं नाई. या खेपेस सोमाजीजवळ जाळं होतं.

आणि नंदिनी जागची हलली नाई. चिठ्ठी हातात धरून खिचडीची वाट पाहत बसली.

सर निथळत परत आले. सरिताजवळ थांबून हळूच म्हणाले की बाई, माझे पाय मले विचारून धावले नाईत. वसतिगृहाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाई. दुसऱ्या दिवशी मॅडम आठवड्यातून दोनदा याव्यात म्हणून स्वतः अर्ज लिहिला.

सरिता त्या दिवशी दोनदा जेवली.

आता एकच भानगड उरली. मॅडमनी गंमत म्हणून चिठ्ठ्यांमध्ये घराच्या आधी म्हशीचं चित्र घातलं. तर नंदिनी म्हैस पाह्यल्याशिवाय घरी निघत नाई. बुधू रोज शाळा सुटताना एक म्हैस फाटकाशी आणून उभी करते, आणि तेवढा वेळ सर कार्यालयाचं दार आतून लावून घेतात.

भाटव्यांसाठी बाभळीचं लाकूड काढून ठेवलं आहे. खाटेची उंची मोजून लवकर लिही. तुझं पत्र येईपर्यंत ते तिरपेच निजणार.
तुझा,
लहानूभाऊ