फ्रिज मात्र स्पष्ट आला

द्वारका, नवी दिल्ली
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

ती. सूर्यकांतराव यांस,

दत्तात्रयाचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे तूर्त उभ्यानेच घातलेला, तरी साष्टांगच धरावा). आपली शुगर, अरुणावहिनींचे गुडघे आणि अंगणातलं लिंबाचं झाड, तिन्हींची प्रकृती आटोक्यात असेल अशी आशा आहे. मी आणि तनया ठीक आहोत. आपल्या बहिणीच्या, विजयाच्या प्रकृतीची चौकशी मात्र मलाच आपल्याकडे करावी लागते आहे, कारण ती सध्या ग्वाल्हेरला आहे. हवापालटासाठी आले, असं तिने आपल्याला सांगितलं असेल. दिल्लीची दिवाळीनंतरची हवा पाहता ते कुणालाही पटावं, म्हणून मीही इथे सोसायटीत तेच सांगतो. ती मोबाइल उचलत नाही. आपल्या लँडलाइनवर फोन केला की नेमकी तीच उचलते आणि माझा आवाज ऐकून अतिशय अदबीने 'राँग नंबर' म्हणते. म्हणून हे पत्र, आणि तेही आपल्या वाचनालयाच्या पत्त्यावर.

पत्राचं कारण अगदी साधं आहे. ज्या कॅमेऱ्याने आपण आमच्या लग्नाचे फोटो काढले होते, त्याची ती जडशीळ काळी लेन्स आपल्या कपाटात अजून असेल तर काही दिवस उसनी हवी आहे. बाकी काही नाही. पण मेहुण्याने एकाएकी लेन्स मागितली तर कुणालाही शंका येईल, म्हणून थोडं मागून सांगतो.

आपली भाची तनया गुडगावला एका काचेच्या इमारतीत अमेरिकन लोकांच्या दातांच्या विम्याचं काम करते हे आपण जाणताच. (ज्या सरकारात मी हयात घालवली त्यानेच परदेशी कंपन्यांना ही दारं उघडली, तेव्हा तक्रार करायची तर ती माझ्याच खात्यामार्फत पाठवावी लागेल.) तर या मुलीने तीन आठवड्यांची रजा टाकून सिनेमा काढायचं ठरवलं. लहानसाच, वीसेक मिनिटांचा. गोष्ट अशी: एक बाई सरकारी क्वार्टर सोडून नव्या वस्तीतल्या उंच सोसायटीत राहायला येते, आणि हळूहळू तिच्याकडे बघायला कुणी उरत नाही. मी विचारलं, यात पुढे काय होतं? तर म्हणे काही होत नाही, तेच तर आहे. नायिकेचा शोध लांबवर घ्यावा लागला नाही. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात होतो तेव्हा गणपतीतल्या प्रत्येक नाटकात विजया असायची, हे आपण येऊन पाहिलंच आहे. द्वारकेत आल्यापासून ते सुटलं. इथल्या गणपतीत स्पीकर आहेत, नाटक नाही. तनयाने विचारलं तेव्हा विजया आधी नाही म्हणाली, मग चहा करायला गेली आणि आतूनच हो म्हणाली. त्यानंतर मी घरात एक वेगळीच बाई पाहिली. सुती साड्या खळ घालून तयार झाल्या, कणीक मळताना संवाद पाठ होऊ लागले, आणि कुकरच्या शिट्ट्यांना तिने मध्ये बोलू नकोस म्हणून दटावलं. मला फार बरं वाटलं. हे तिला सांगायचं राहून गेलं.

आता लेन्सचं प्रकरण. माझी समजूत अशी की कॅमेरा घेतला की लेन्स त्याच्याबरोबर येते, जशी चष्म्याबरोबर काच. तसं नसतं. तनयाला 'फास्ट' लेन्स हवी होती. मी विचारलं, ही पळते का? पळत नाही, प्रकाश भरपूर आत घेते, त्यामुळे घरातल्या दिव्याच्या उजेडात काम भागतं. तिच्यावर जो आकडा असतो तो जितका लहान तितकं भोक मोठं. (हे मला लगेच समजलं. आमच्याकडेही वर्ग एकचा साहेब वर्ग चारच्या माणसापेक्षा मोठाच असे.) शिवाय ती 'प्राइम' हवी, म्हणजे झूम नाही, जवळून बघायचं तर कॅमेरा उचलून आपणच पुढे चालत जायचं. शिवाय ती 'मॅन्युअल' हवी, म्हणजे फोकस हाताने कडं फिरवून करायचा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिला 'कॅरॅक्टर' हवं. इतकी वर्षं मी लोकांच्या कॅरॅक्टर सर्टिफिकेटांवर सह्या केल्या, पण त्यात दोष असावा लागतो हे प्रथमच ऐकलं. लेन्स जुनी असावी, कडेला थोडी विरघळावी, दिव्याकडे केली की तिने झळाळून जावं, हे तिचे गुण. स्वच्छ आणि चोख दाखवत असेल तर ती नापास.

नोएडातल्या एका भाड्याने सामान देणाऱ्याकडून तिने तीन लेन्स चाचणीला आणल्या. पहिली नवी कोरी होती. तिच्यातून आमच्या बाल्कनीतून पाहिलं तर समोरच्या सोसायटीच्या टाकीवरचा रंगाऱ्याचा फोन नंबरही वाचता आला. मी ताबडतोब तिची शिफारस केली. तनया म्हणाली, "बाबा, यार, ये तो सीसीटीव्ही लग रहा है!" दुसरी जपानी, तिला ती 'ओके ओके' वाटली, म्हणजे नापासच. तिसरी जुनी रशियन. तिच्या आतलं वंगण वाळलं होतं, कडं फिरवायला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडण्याइतका जोर लागे, आणि देव्हाऱ्यातल्या समईभोवती ती चांगली तीन वलयं काढी. तनयाने तिला छातीशी धरलं. मी म्हटलं, पोरी, ही बिघडलेली आहे. ती म्हणाली, बिल्कुल, म्हणून तर.

या लेन्सची एक खोड अशी की ती पूर्ण उघडली की फोकस केसाएवढा उरतो. नाकावर धरला तर कान धूसर, कानावर धरला तर नाक. म्हणून एक माणूस खास कडं फिरवायला लागतो, आणि तो अंतर टेपने मोजून ठेवतो. सिनेमावाल्यांत हे मानाचं काम असतं म्हणे. टेप आणि अंतर हे शब्द ऐकताच मायलेकींनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर सरकारी जमिनी मोजल्या, अर्ध्या दिल्लीत माझ्या हातचे हद्दीचे दगड पुरलेले आहेत (त्यांतल्या काहींवर आता मेट्रोचे खांब उभे आहेत), तेव्हा नेमणूक बिनविरोध झाली. मी जुनी पोलादी टेप तेल लावून तयार केली.

सूर्यकांतराव, माझ्या कामात चूक झाली असं जर आपल्या कानावर आलं असेल तर माझी बाजूही ऐका. मोजणीचा पहिला नियम असा की माप नेहमी न हलणाऱ्या वस्तूपासून घ्यायचं. कुणी झाडाला टांगलेल्या डब्यापासून किंवा उभ्या बैलापासून जमीन मोजत नाही. आता स्वयंपाकघरात शूटिंग. विजया कणीक मळते, वळते, डबा काढते, पुन्हा वळते. क्षणभर स्थिर नाही. तिच्यामागे फ्रिज. फ्रिज हलत नाही. मी कॅमेऱ्यापासून फ्रिजपर्यंत टेप लावली, कड्यावर पेन्सिलीने खूण केली आणि दोन्ही हातांनी ते घट्ट धरून ठेवलं, अगदी श्वास रोखून. हॉलमध्ये हेच माप शोकेसपासून घेतलं, बाल्कनीत कुलरपासून. तनया दिवे, आवाज आणि दिग्दर्शन एकटीच बघत होती, वर दर थोड्या वेळाने विमान डोक्यावरून जायचं आणि ती कपाळाला हात लावायची. तिने विचारलं, बाबा, माप बरोबर आहे ना? मी म्हटलं, इंचाचा फरक निघाला तर पेन्शन परत करीन. ते खरंच होतं.

कॅमेऱ्याच्या मागचा पडदा काडेपेटीएवढा. त्यात सगळं ठीक दिसायचं. एकदा विजयाने वाकून पाहिलं आणि म्हणाली, मी जरा पुसट दिसत नाही का? तनया म्हणाली, आई, ते लेन्सचं कॅरॅक्टर आहे. मीही तेच म्हणालो, आणि वर दिव्याच्या वलयांविषयी चार शब्द सांगितले. विजया पुन्हा कणकेकडे वळली. तिने आमच्यावर विश्वास ठेवला.

मग सोसायटीच्या दिवाळी संमेलनात, क्लब हाउसच्या भिंतीवर, तयार झालेला भाग दाखवायचं ठरलं. विजयाने स्वतः घरोघर जाऊन बोलावणी केली, नारायणपेठी नेसली आणि पहिल्या रांगेत बसली. चित्र सुरू झालं. भिंतभर फ्रिज. त्याच्या दारावरचं नारळाच्या झाडाचं मॅग्नेट, गॅसवाल्याचा नंबर, हँडलला बांधलेलं फडकं, सगळं इतकं लख्ख की हात लावावासा वाटे. आणि त्याच्या पुढ्यात एक पिवळसर ढग कणीक मळत होता. ढग वळला, ढगाने डबा काढला, ढगाने दोन वाक्यं म्हटली, आणि फार छान म्हटली. पुढच्या दृश्यात शोकेस आली. आमची सगळी स्मृतिचिन्हं वाचता येत होती. लोक भले, कुणी हसलं नाही. फक्त शेवटी टाळ्या थांबल्यावर तळमजल्यावरच्या कुमुदताईंनी मनापासून विचारलं, "विजया, फ्रिज नवा घेतलात का गं? छान आहे."

विजया घरी आली. दार लावलं, पदराची पिन काढली आणि मला म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली. मागचा फ्रिज बरोबर दिसतो तुम्हाला." मी तिला न हलणाऱ्या वस्तूचा नियम समजावून सांगितला. आता वाटतं, तो त्या वेळी सांगायला नको होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्याकडे यायला निघाली. नारायणपेठी खुर्चीवर तशीच होती. तनयाने नंतर मला एवढंच सांगितलं की बाबा, माझ्या सिनेमाचा विषय तुम्ही सगळ्यांत नीट पकडलात. हे कौतुक नसावं.

तर आता सगळी दृश्यं पुन्हा घ्यायची आहेत आणि तनयाच्या रजेचा शेवटचा आठवडा उरला आहे. म्हणून आपली लेन्स. आमच्या लग्नाच्या अल्बममधला एक फोटो मी परवा काढून पाहिला. अंतरपाट नुकताच दूर झालेला आहे, मांडव, भटजी, आपले काका, सगळे मागे विरघळून गेलेत, आणि विजयाच्या पापणीवर अक्षतेचा एक दाणा अडकलाय तो दिसतो. शेजारी मुंडावळ्यांत मी आहे, बऱ्यापैकी धूसर. आपण फोकस कशावर धरला होता हे कळतं. आपण काही मोजलं होतं का, की नुसतंच बघितलं होतं, तेही कळवावं.

अरुणावहिनींना नमस्कार. लिंबाला पाणी घालत जा.

आपला,
दत्तात्रय

ता. क. लेन्स कुरियरने मुळीच पाठवू नये. काचेची वस्तू, शिवाय जुनी. कुणीतरी जबाबदार माणूस दिल्लीला येत असेल त्याच्या हातीच द्यावी. असा माणूस आपल्या घरात सध्या एकच आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र विजयाला दाखवू नये. ते आपल्या घरच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवावं आणि त्या खणाला हात लावायचा नाही, असं तिला स्पष्ट सांगावं. म्हणजे ती ते दुपारपर्यंत वाचेल.

ता. क. तिसरा. आतापर्यंत वाचणारं माणूस बदललं असेल असं धरून लिहितो. मी रोज सराव करतो आहे. स्वयंपाकघरात तू उभी राहतेस तिथे स्टूल ठेवून त्यावर कुकर मांडतो आणि कुकरवर फोकस धरतो. कुकर उत्तम येतो. फ्रिज अगदी ढग झाला आहे. पण कुकरकडे बघून जीव रमत नाही. टेप मी माळ्यावर टाकली. तू जशी हलशील तसं कडं फिरवीन, चुकलं तर ओरड.

ता. क. शेवटचा, सूर्यकांतरावांसाठी. तनयाने आत्ताच हे सगळं वाचलं. ती म्हणते, मामाची लेन्स कशाला हवी, ती आपल्या कॅमेऱ्याला बसणारही नाही, रशियन चांगली आहे, बिचारीचा दोष नव्हताच. तेव्हा लेन्स कपाटातच राहू द्या. जिच्या हाती ती पाठवायची होती, तिला तेवढं पाठवा. मी निजामुद्दीन स्टेशनवर येऊन उभा राहतो. गर्दी कितीही असो, तिला मी लांबून ओळखीन. (तरी डब्याचा नंबर कळवावा.)