तिसरं नाव

१० जून, मंगळवार

आज माझ्या हातून एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. इथले ख्रिस्ती लोक त्याला ज्ञानस्नानम म्हणतात.

आरोक्यमेरीची मुलगी. कालच जन्मली, वेळेच्या दोन महिने आधी — ओंजळीत मावेल एवढी. दुपारी तिचे ठोके एकाएकी खाली गेले. आमच्या सीनियर सिस्टर विद्यालक्ष्मी अक्का बॅग दाबून श्वास देत होत्या, डॉक्टर गिरिधर अंगठ्यांनी छाती दाबत होते. मी औषध भरून दिलं आणि माझे हात रिकामे झाले. तेवढ्यात आमच्या नवजात बाळांच्या युनिटचा फोन. वरच्या मजल्यावरून आरोक्यमेरी. सिझेरियनचे टाके, उठता येत नाही तिला. खाली काय चाललंय ते कुणीतरी सांगितलं असणार. रडत नव्हती.

"सिस्टर, फादर तांबरमहून निघालेत. पोचणार नाहीत वेळेवर. तुम्ही पाणी घाला."

मी म्हटलं, मी ख्रिस्ती नाही हो.

"चालतं. जीव जात असेल तर कुणीही घालू शकतं. आमच्यात जे करतात तेच मी करतेय, एवढं मनात धरा. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे. आणि मी सांगते ते म्हणा."

अक्कांकडे बघितलं. मान वर न करता म्हणाल्या, "घाल. मला कोपर लागू देऊ नकोस. पाणी कोमट घे, थंड पडेल ती."

सिरिंजमध्ये निर्जंतुक कोमट पाणी घेतलं. टोपडं मागं सरकवलं. नाव विचारलं — अमला. फोन स्पीकरवर. ती एकेक तुकडा सांगत होती, मी म्हणत होते. अमला, मी तुला ज्ञानस्नान देते, पित्याच्या... पाणी. पुत्राच्या... पाणी.

ठोके वर आले. संध्याकाळी ड्युटी संपली तेव्हा गुलाबी होती.


११ जून

अप्पांना सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवलं नसतं. रागावतील असं वाटलं होतं, पण नाही. कपाळावरच्या गोपीचंदनाला धक्का न लावता चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मरत्या लेकराला पाणी घातलंस, त्यात वाईट काय?" मग — अप्पाच ते — "सगळं म्हणालीस ना? शेवटपर्यंत? मंत्र अर्ध्यावर सोडला तर न म्हटल्यासारखाच."

"हो" म्हणायला तोंड उघडलं आणि "हो" आलंच नाही.

पहिलं नाव आठवतं. पाणी कपाळावरून ओघळून कानामागं गेलं. दुसरं आठवतं. तिसऱ्यांदा सिरिंज दाबली तेही आठवतं. मग मॉनिटरचा आवाज — सुरू झाला की बंद पडला, कोण जाणे — आणि पुढचं एकदम कानामागचं पाणी टिपतानाचं. मधलं नाही. 'पवित्र आत्म्याच्या' हे मी म्हटलं का?

दम्यामुळं पाचवीपर्यंत माझी शाळा घरीच झाली. अप्पाच मास्तर. गणित सुटलं की उलटं सोडवून ताळा करायचा. श्लोक झाला की विचारणार, शेवटचं अक्षर गिळलंस का? मी अजून दाराची कडी तीनदा बघते. आता याचा ताळा कसा करू?

अम्मा भात वाढता वाढता ऐकत होती. "कोमट होतं ना पाणी?" एवढंच विचारून आत गेली.


१३ जून

नवीन काळजी. आरोक्यमेरी म्हणाली होती, मनात धरा. मी मनात काय धरलं होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर मी देवाचा विचारच केला नाही. वाटलं एवढंच की ही बाई वर पडून जे मागतेय ते तिला पुरतं मिळावं. हे चालतं का?

अक्कांना विचारायला हवं. त्या तिथंच होत्या. पण त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतायत. ड्युटीवर फोन स्पीकरवर लावला, हे त्यांनी वर कळवलं तर?

नको विचारायला.


१९ जून

अमलानं आज आपला आपण श्वास घेतला. नळी काढली!


२ जुलै

रोज घरी पोचले की चपला काढायच्या आत अम्माचा प्रश्न — "अमला कशी आहे?" आजवर माझ्या एकाही पेशंटचं नाव तिला आठवत नव्हतं.

आज आरोक्यमेरीनं पहिल्यांदा तिला छातीशी धरलं. मला म्हणाली, "सिस्टर, इतर मुलांचं ज्ञानस्नान आई फक्त बघते. माझ्या मुलीचं मी तोंडानं सांगितलं, तुमच्या हातानं केलं." मी हसले. आणि मनात तिसरं नाव परत शोधू लागले.


६ ऑगस्ट, बुधवार

अमला घरी गेली. तिचे वडील अमलदास गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात. सगळ्या युनिटला जिलेबी वाटली त्यांनी. आणि आज तिची आजी, आरोक्यमेरीची आई, भेटली — सहायमेरी पाट्टी, वेळांगण्णीकडच्या गावातून आलेली, हातात पिशवी, पिशवीत पांढरा झालरींचा फ्रॉक.

फ्रॉक मला दाखवला. म्हणाली, "चोवीस तारखेला चर्चमध्ये ज्ञानस्नान. गावातून बस करून माणसं येतायत."

आरोक्यमेरी म्हणाली, "अम्मा, झालंय ते. फादर फक्त तेल लावतील, मेणबत्ती देतील. पाणी परत नाही."

"कोणी बघितलं झालेलं? आणि घातलं कोणी — गोपीचंदनवाल्यांच्या मुलीनं! उद्या कळेल, पंचामृतसुद्धा पाजलंय."

"मी ऐकलंय."

"तुला इंजेक्शन दिलेलं होतं. तुला चर्चची घंटासुद्धा ऐकू आली असेल."

आरोक्यमेरी माझ्याकडं वळली. "सिस्टर, तुम्ही फादरना सांगाल ना? ते विचारणार आहेत. हे एकदाच असतं. परत पाणी घातलं म्हणजे तुमचं धरलंच नाही असं होईल. मला ते नकोय. ज्या घटकेला ती परत आली, तेच तिचं ज्ञानस्नान."

सांगेन, म्हटलं.


१६ ऑगस्ट

उद्या फादरकडं. "हो, सगळं म्हणाले" — तीन शब्द. आरोक्यमेरी खूश, बाळाचं काही बिघडत नाही, कुणाला कळणार नाही. मला कळेल.


१७ ऑगस्ट, रविवार

फादर सवरिमुत्तू म्हातारे आहेत, सावकाश बोलतात. सकाळची प्रार्थना संपल्यावर चर्चमागच्या खोलीत बसलो — ते, मी, आरोक्यमेरी आणि पाट्टी. अमला पाट्टीच्या मांडीवर झोपलेली.

आधी पाण्याचं विचारलं. वाहिलं का, की नुसतं बोट ओलं करून लावलं? वाहिलं, म्हटलं. कानामागून टिपलं मी.

मनात काय होतं? मी १३ जूनला लिहिलं तेच सांगितलं, शब्द न बदलता. फादर हसले. "तिला जे हवं होतं तेच तू करायला घेतलंस. पुरे आहे. घालणारा कोण, हे आम्ही विचारत नाही."

पाट्टीनं जोरात श्वास सोडला.

"आणि शब्द?"

मी सांगितलं. पहिली दोन नावं नक्की. तिसरं म्हटल्याचं आठवत नाही.

आरोक्यमेरी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही म्हणालात. मी ऐकलं." मी म्हटलं, असेल, पण मला आठवत नाही, आणि आठवतं असं मी म्हणू शकत नाही.

"बघा!" पाट्टी म्हणाली. "मुलगी खरं बोलते. चांगल्या घरची आहे. आता घाला पाणी."

फादरनी समजावलं. ज्ञानस्नान एकदा झालं की पुसता येत नाही. माणूस विसरला, चर्च सोडून गेला, त्याला स्वतःला माहीतसुद्धा नसलं, तरी ते राहतं. म्हणून दुसऱ्यांदा देतच नाहीत. पण शंका उरली आणि डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार नसला, तर पाणी घालताना म्हणायचं — आधी झालं नसेल तर देतो. त्यात कुणाचा अपमान नाही.

आरोक्यमेरीनं अमलाला पाट्टीच्या मांडीवरून उचललं आणि बाहेर गेली. माझ्याकडं बघितलं नाही.

फाटकापर्यंत फादर माझ्याबरोबर चालत आले. "त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?" 

डॉक्टर गिरिधर होते — ते तर महिन्याभरापूर्वीच परदेशी गेले, आणि मान खाली घालून छातीच दाबत होते. आणि अक्का.


१८ ऑगस्ट

विचारलं! दोन महिने घाबरत होते ते विचारलं.

अक्का औषधांच्या ट्रॉलीशी होत्या. मी म्हटलं, अक्का, दहा जूनला, अमलाच्या वेळी... त्यांनी ट्रॉलीचा खण धाडकन लावला.

"बरं झालं तूच विषय काढलास. माझ्या पोटात आहे ते केव्हापासून. मी बॅग दाबतेय. मॉनिटर माझ्या पाठीमागं. आकडा तुला दिसतोय, मला नाही. म्हणून मी तुझ्या तोंडाकडं बघतेय — ही कधी सांगते, ठोके आले की नाही. अलार्म बंद झाला. म्हणजे काहीतरी वर गेलंय. आणि तू? 'पवित्र आत्म्याच्या नावानं' — ते आधी संपवलंस, पाणी घातलंस, आमेन म्हणालीस, आणि मग मला म्हणतेस, 'अक्का, ठोके आले.' आधी ठोके सांगायचे, कीर्तना! देव थांबतो. मी बॅग दाबत होते."

मी म्हटलं, "अक्का, परत सांगा."

"काय परत सांगा? आधी ठोके."

"नाही, त्याच्या आधीचं."

त्यांनी परत सांगितलं. मी लिनन रूममध्ये जाऊन रडले आणि हसले, दोन्ही एकदम. मी वाक्य सोडलं नव्हतं. बाळ परत येत होतं, कानात अलार्म होता, अक्का डोळे वटारून बघत होत्या — आणि मी वाक्य सोडलं नव्हतं! अप्पांची शाळा.


२० ऑगस्ट

अक्का स्वतः फादरकडं गेल्या. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. पाळी बदलताना पेशंट हातात देतात तशा उभ्या राहून सगळं सांगितलं — पाणी किती, कोमट की गार, कोणत्या नावाला कितव्यांदा घातलं, कोण कुठं उभं होतं. फादरनी विचारलं, तुम्हाला इतकं नक्की कसं आठवतं? अक्का म्हणाल्या, "फादर, मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडायचं असलं की मी विसरत नाही."

फादर म्हणाले, झालंय. पाणी परत नाही.

आरोक्यमेरीचा फोन आला. आधी अमलाचं वजन सांगितलं. मग, "सिस्टर, तुम्ही खरं बोललात म्हणून हे आता पक्कं झालं. उगाच हो म्हणाला असतात तर अम्मा जन्मभर शंका काढत बसली असती."


२४ ऑगस्ट, रविवार

काय दिवस!

अप्पांनी खरंच यायचं ठरवलं. इस्त्रीचं पांढरं वेष्टी-धोतर, कपाळावर नेहमीचं गोपीचंदन, आणि चर्चच्या पहिल्या बाकावर ताठ बसलेले. अम्मा म्हणाली माझे पाय दुखतात, तुम्ही जा.

गावाची बस भरून आली होती. सगळे पाण्याची वाट बघतायत. फादर पुढं आले आणि म्हणाले, या मुलीचं ज्ञानस्नान झालेलं आहे, दहा जूनला दुपारी, हॉस्पिटलमध्ये. ते आज आपण करणार नाही. आज आपण तिचं स्वागत करणार आहोत.

कुजबुज सुरू झाली. मी खांबाआड सरकले. तर पाट्टी बाकावरून उठून मागं वळली आणि गावाच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय कुजबुजता? तुमच्या नातवंडांना फादरनी घातलं, पंख्याखाली, फोटो काढत. आमच्या मुलीला मरणाच्या दारात घातलंय! कुठं आहे ती पाणी घातलेली? पुढं आणा तिला."

मला दंडाला धरून पुढं नेलं. "ही. गोपीचंदनवाल्यांची. बघून घ्या."

फादरनी अमलाच्या टाळूला सुगंधी तेल लावलं. झालरींच्या फ्रॉकवरून पांढरं वस्त्र घातलं. मोठ्या मेणबत्तीवरून छोटी पेटवून तिच्या धर्मपित्याच्या हातात दिली. धर्ममाता मी होऊ शकत नाही, त्यासाठी ख्रिस्ती असावं लागतं, फादरनी आधीच समजावलं होतं. चालेल. फ्रॉकची झालर मेणबत्तीपासून लांब धरायचं काम माझं होतं. ते मी नीट केलं.

अमला सगळा वेळ जागी होती. रडली नाही. तेल लावताना जांभई दिली.

बाहेर बिर्याणी. आमच्यासाठी पाट्टीनं वेगळा दहीभात आणवला होता. अप्पांच्या पानात स्वतः वाढला आणि म्हणाली, "तुमची मुलगी शेवटचा शब्द सोडत नाही म्हणे." अप्पांनी मान खाली घालून दोनदा भात मागून घेतला. घरी येईपर्यंत तोंडावरचं हसू गेलं नव्हतं.

अक्का आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "उद्या सकाळची पाळी आहे. पुढच्या वेळी?"

"आधी ठोके," मी म्हटलं.

आज कडी एकदाच बघितली.


२५ ऑगस्ट

अम्माला सगळं सांगितलं. फादर म्हणाले तेही — एकदा झालेलं राहतं, स्वतःला माहीत नसलं तरी. ती शेवग्याचा पाला निवडत होती. म्हणाली, "मग तुझंही असेल."

मी सातव्या महिन्यात झाले हे माहीत होतं. कुंभकोणमला, ख्रिस्ती सिस्टरांच्या दवाखान्यात, हेही. "दुसऱ्या दिवशी तू निळी पडलीस. त्या सिस्टरनं मला विचारलं, घालू का? मी म्हटलं, तुम्हाला येतं ते सगळं करा. अप्पांना अजून सांगितलेलं नाही."

मी पाल्याची एक जुडी पुढ्यात ओढून घेतली. सगळं म्हटलं का, पाणी वाहिलं का, कुणी बघितलं का — काही विचारलं नाही.