पाळीवरचा फोन

माय, तुझ्या जावयाले लकवा मारला. उजवा हात न् उजवा पाय गेला, जीभ तेवढी शाबूत. चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं, त म्हणे दर हप्त्याले व्यायामाले या. दोन गाड्या बदलून असा माणूस कोण नेईल? मग तिथल्या व्यायामवाल्या बाईनं सुनेच्या मोबाईलचा नंबर घेतला. शुक्रवारी फोन करीन, सांगीन तसं करा. रेंज येते फक्त तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली. पहिल्या शुक्रवारी म्या न् पोरानं त्याले खाटेवर घालून नेलं.

"आजी, आजोबा कसे आले?"

"खाटेवर. काऊन, उडत येतीन का?"

"पुढच्या वेळी चालत आणा. कमरेला पंचा बांधा, मागून टोक धरा. पडायला लागले तरच ओढा. डगमगले म्हणून नाही."

"तिथं बसून सांगाले तुझं काय जाते? पडला त येशील उचलाले?"

"नाही येणार, आजी. म्हणूनच तुम्हाला सांगते."

हप्ताभर भिंत धरून चालवला. आज पाळीवर नेला. एकीकडं पाणी, एकीकडं धानाच्या बांध्या, मंधात हातभर वाट. सून फोन घेऊन झाडाखाली उभी. अर्ध्यात त्याचा गुडघा वाकला, काठी पाण्याकडं सरकली. माझी मूठ आवळली. तोंडात तुझाच बोल आला, बसा, पडाल. तो गिळला. पंचा ढिला ठेवून उभी राह्यली न् हा बाप्पा मलेच म्हणते, "वढू नोको बुढे, बैल नाई मी." गेला झाडापर्यंत. सून फोनवर रडून राह्यली होती. मी नाई.

बाबालेही लकवाच होता. मरेपर्यंत तू त्याले खाटेवर ठेवलं, घास भरवला, कूस बदलली. गावानं तुले सती म्हटलं. एकदा तू तलावावर मासोळ्या धूत होती, न् बाबा घरातल्या मेढीचा खांब धरून उठला. माझ्याकडं पाहून अर्ध्या तोंडानं हासला. मी पळत गेली, "माय, बाबा पडते." तू ओल्या हातानं आली, त्याले निजवलं, दम देला, "बसा, पडाल." मंग तो कधी उठलाच नाई.

बाईनं व्यायामाची चित्रं धाडली, त्याच कागदामागं हे लिहून राह्यली. चित्रं वर ठेवून भिंतीले चिकटवीन, मंग कोणाले दिसणार नाई.

बाबा पडत नोहता, माय. मेढ सोडून दोन पावलं चालला होता. म्या पाह्यलं होतं.