सायबाच्या खांद्यावरचा टॉवेल

३ नोव्हें., सोम.
सुमे, मी विसरते म्हणून ही वही दिलीस. "आजी, रोजचं रोज आईकडून लिहून घे" म्हणालीस, आणि स्वतःचा स्टीलचा डबा हितं ओट्यावर विसरून तुमच्या गावची, वैरागची गाडी धरलीस. माझी नात शोभतेस! मला अक्षर येत नाही, तोंड आहे. हात तुझ्या आईचा. बोलते तसंच लिही म्हणून सांगितलंय. (तसंच लिहिलं तर नातेवाईक उरणार नाहीत. — रेखा)
मागघराची वीज तोडली. आमचा विणकर मल्लय्या दाराच्या उजेडात विणतो.

७ नोव्हें., शुक्र.
मागघर कुठलं, हेही विसरली असशील. तुझे आजोबा ज्या खड्ड्यात पाय सोडून जन्मभर विणत बसले, तोच माग, तीच खोली. ते गेल्यावर शाळेतल्या सरांनी माग जपायला संस्था काढली. शाळेची पोरं बघायला येतात, मल्लय्या विणून दाखवतो, मी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरते नि पोरांना दम देते. आता घरमालक म्हणतो, भाडं नाही तर संक्रांतीनंतर खोली मोकळी करा. खड्ड्यातला माग उपटला की जळणच. दुसरीकडे नेऊन बसवावा असं लाकूड राहिलेलं नाही.
सर सरकारी कचेरीतून आले, तोंड कडू. मागं काचेच्या कपाटाला पैसे मिळाले, फरशीला मिळाले, संगमरवरी पाटीला मिळाले. भाडं, वीज, सूत? "रोजचा खर्च योजनेत बसत नाही." म्हणजे पाळणा देणार, दूध नाही. आता म्हणे नवीन अनुदान निघालंय, रोजच्या खर्चाचंच. पण चालू संस्थेलाच मिळणार. बुधवारी साहेब बघायला येतायत.

११ नोव्हें., मंगळ.
मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, एका टॉवेलापुरताच उरलाय. नवं सूत आणायला काही नाही. म्हणून मल्लय्या कधीपासून पुरवून पुरवून विणतो. पोरं आली की चार धोटे मारायचे, पोरं गेली की थांबायचं.
साहेबांना आहेर काय घालायचा यावर बैठक. सर म्हणाले, बाजारातून टॉवेल आणतो. मी म्हटलं, "मागघरात बोलवायचं आन् बाजारचा टॉवेल घालायचा? लोक तोंडात शेण घालतील." मल्लय्या लगेच, "अम्मा, मी हाय की. ऱ्हायलाय तेवढा विणून टाकतो."
दुपारपासून खटखट चालू आहे. किती दिवसांनी तो आवाज पोटभर ऐकला.

१२ नोव्हें., बुध.
साहेब सकाळी येणार होते, चहाच्या वेळेला आले. तोवर टॉवेल कापून, घडी घालून, नारळाखाली तयार. टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, नारळ हातात. साहेब खूश. "वा, हा तुम्हीच विणलाय?" मल्लय्या लाजला. मागाचे फोटो काढले, कपाटांचे जास्त काढले. सूत आलं की परत लावणार, असं मी सांगितलंसुद्धा. "हो हो" म्हणाले. जाताना माझ्या पाया पडले. चांगल्या घरचा दिसतो. काम झालं समज.

२४ नोव्हें., सोम.
कागद आला. सरांनी वाचला, परत वाचला. मला वाटलं, बरंच काही लिहिलंय. एकच ओळ. "पाहणीवेळी माग रिकामा व बंद अवस्थेत आढळला."
व्हय की! रिकामा कसा नसेल? मागावरचं सगळं त्याच्याच खांद्यावर होतं!
रेखा हसली. मग मीही हसले. मल्लय्या हसला नाही. जेवलाही नाही, त्याची बायको सांगत होती. मग आम्ही...
पुढं लिहू नको.

२६ नोव्हें., बुध.
कचेरीत गेले. सर नको म्हणत होते, म्हणून गेले. जिना चढताना गुडघ्यांनी शिव्या दिल्या.
साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर आमचाच टॉवेल. त्याला पाठ टेकून म्हणतात, "आजी, मी दिसलं तेच लिहिलं."
"मग मागं वळून बघा की."
वळले. टॉवेलाचं टोक चाचपलं. मग म्हणाले, "भेट दिलेली वस्तू पुरावा होत नाही, आजी. मागावर कापड दिसलं पाहिजे. परत अर्ज करा, मी परत येतो."
टॉवेल काढून द्यायला लागले. मी घेतला नाही. घातलेला आहेर कोण परत घेतं? पण सुमे, जिना उतरताना वाटलं, घ्यायला पाहिजे होता का.

३० नोव्हें., रवि.
मल्लय्यानं ओळखीच्या यंत्रमागवाल्यांकडून उरलंसुरलं सूत मागून आणलं. लाल, हिरवं, मधेच एक भडक गुलाबी. दाराच्या उजेडात बसून एकेक धागा जोडला, आता वीतभर विणूनही झालं. मी कांड्या भरते. ऊन सरकलं की दोघंही थांबतो.
आज कापडावरनं हात फिरवून म्हणाला, "अम्मा, रंग बरा उठतोय. सायबाला परत एक..."
"हात तोडीन."

३ डिसें., बुध.
साहेब सोमवारी येणार. या खेपेला कापड मागावरच राहणार, अर्धं. मागघरातली कात्री मी घरी आणून तांदळाच्या डब्यात लपवलीय. अनुदान देतील का नाही, देव जाणे. मालक काल येऊन खोली मोजून गेला.
तरी पाव्हण्याला तसंच कसं लावून द्यायचं? ही वही नि तुझा डबा तुमच्याच गल्लीतल्या मास्तरांबरोबर पाठवतेय. रिकामा पाठवू नये म्हणून शेंगाची चटणी भरलीय. त्याच डब्यातून शेंगाच्या पोळ्या पाठव. रविवारपर्यंत हितं पोचल्या पाहिजेत, विसरशील! पोळी खाल्ली की संपते, खुर्चीला लावता येत नाही. गूळ बेताचा, तूप वेगळं. आणि चार जास्त घाल, मल्लय्याला. दात नाहीत त्याला, मऊ कर.